‘बीअर हंटर’ची मुशाफिरी

मायकल जॅक्सन हे नाव ऐकले की डोळ्यांसमोर उभा राहतो तो काळी टोपी घालून मंचावरून मागे मागे सरकत जाणारा पॉप गायक. बीअरच्या दुनियेत मात्र हेच नाव घेतले की आठवतो तो विस्कटलेल्या केसांचा, दाढीधारी, चष्मा लावणारा एक इंग्रज पत्रकार. ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’वर १९८९ मध्ये ‘द बीअर हंटर’ ही सहा भागांची मालिका झळकली. तिच्यात या जॅक्सन यांनी स्वतःची ओळख मिस्कीलपणे करून दिली होती : नाव खरेच मायकल जॅक्सन आहे, पण आपण गात नाही आणि पेप्सीही पीत नाही, आपण बीअर पितो!

आवडत्या पेयांची आणि ती पिण्याच्या ठिकाणांची यादी प्रत्येक शौकिनाकडे असते. जॅक्सन यांच्या यादीचे वेगळेपण असे की तिच्यातील काही बीअर नामशेष होण्याच्या मार्गावर होत्या. त्या कोण गाळते, कशा गाळल्या जातात आणि कुठे बसून प्यायच्या हे त्यांनी जगाला सांगितले आणि त्यातील अनेकींना जीवदान मिळण्यास हातभार लावला. आज पुण्या-मुंबईतील एखाद्या ब्रूअरीत फळ्यावर खडूने लिहिलेली बीअरची सात-आठ नावे वाचताना गोंधळून जाणाऱ्या ग्राहकाच्या हातातील पेल्यापर्यंत ही कथा येऊन पोहोचते.

नावे देणारा माणूस

जॅक्सन यांचा जन्म २७ मार्च १९४२ रोजी यॉर्कशायरमधील वेदरबी येथला. वडिलांचे घराणे लिथुआनियातून आलेल्या ज्यू निर्वासितांचे. किशोरवयातच त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात बातमीदारी सुरू केली. पुढे १९७७ मध्ये त्यांचे ‘द वर्ल्ड गाइड टू बीअर’ हे पुस्तक आले आणि बीअरकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

तोवर वाइनवर ग्रंथ लिहिले जात. कोणत्या उतारावरची द्राक्षे, कोणत्या वर्षाचा हंगाम, यावर पंडित वाद घालीत. बीअर मात्र श्रमिकांचे पेय. तिच्याविषयी लिहिण्यासारखे ते काय? जॅक्सन यांनी जगभरच्या बीअरची शैलींनुसार वर्गवारी केली. भारतीय संगीतात घराणी असावीत तशी ही घराणी. पाणी, धान्य, हॉप्स आणि यीस्ट एवढ्याच सामग्रीतून प्रत्येक गावाने आपापली चाल कशी बांधली, याचा तो नकाशा होता.

या घराण्यांचे दोन मुख्य वंश आहेत. पहिला ‘एल’चा. यातील यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसच्या उबदार तापमानात काम करते, द्रवाच्या पृष्ठभागावर फेसाचा थर धरते आणि बीअरला फळांसारखे, मसाल्यांसारखे गंध देते. दुसरा वंश ‘लागर’चा. याचे यीस्ट थंडाव्यात, सावकाश काम करते आणि तळाशी बसते. नंतर ही बीअर कित्येक आठवडे थंड ठिकाणी मुरवली जाते. जर्मन भाषेत ‘लागर्न’ म्हणजे साठवणे, त्यावरून हे नाव पडले. भारतात वर्षानुवर्षे ‘बीअर’ या नावाखाली जी हिरवी-तपकिरी बाटली मिळत आली, ती जवळपास नेहमीच लागर असते.

तळघरातले पीप

जॅक्सन लंडनच्या हॅमरस्मिथ भागात राहत. थेम्स नदीकाठच्या या वस्तीत ‘द डव्ह’ हा जुना, बुटक्या छताचा पब आहे. तेथील एक खोली इतकी चिंचोळी की जगातील सर्वात लहान बार म्हणून तिची नोंद झाली. जवळच चिझिकमध्ये फुलर्स ही ब्रूअरी. तिची ‘लंडन प्राइड’ आणि अधिक भारदस्त ‘ईएसबी’ या बीअर इंग्रजी एलचे उत्तम नमुने मानल्या जातात.

इंग्रजी पबमधील खऱ्या एलची गंमत अशी की ती ब्रूअरीतून निघते तेव्हा पूर्ण झालेली नसते. पिपात यीस्ट जिवंत असते. पबच्या तळघरात ते आपले काम पुरे करते आणि त्यातूनच नैसर्गिक, सौम्य फेस तयार होतो. ही बीअर हातपंपाने वर ओढून, सुमारे १२ अंश तापमानाला दिली जाते. परदेशी पाहुणे तिला ‘कोमट’ म्हणून नाक मुरडतात. पण अतिथंड पेय जिभेला बधिर करते आणि गंधही उडू देत नाही. एलमधील भाजक्या धान्याची, मुरांब्यासारखी चव कळायची तर तिला थोडी ऊब हवीच.

साठच्या दशकात मोठ्या कंपन्यांनी ही कटकट नको म्हणून यीस्ट मारलेली, बाहेरून वायू भरलेली बीअर पबमध्ये आणली. तिला विरोध करण्यासाठी चार इंग्रज मित्रांनी १९७१ मध्ये ‘काम्रा’ ही ग्राहक चळवळ सुरू केली. आपल्या पेयासाठी पिणाऱ्यांनीच संघटित होण्याचे हे दुर्मीळ उदाहरण. जॅक्सन यांचे लेखन याच वाऱ्यावर वाढले.

सोनेरी आणि धुरकट

लागरचे मूळ घर पाहायचे तर चेक प्रजासत्ताकातील पिल्झन शहर गाठावे लागते. १८३८ मध्ये येथील नागरिक नासक्या बीअरला इतके विटले की त्यांनी ३६ पिपे नगर सभागृहासमोर ओतून दिली. त्यानंतर शहराने स्वतःची ब्रूअरी उभारली आणि योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराला पाचारण केले. १८४२ च्या शरद ऋतूत त्याने जी बीअर काढली ती लख्ख सोनेरी होती. पिल्झनचे अत्यंत मृदू पाणी, हलक्या आचेवर वाळवलेले माल्ट आणि झातेत्स परिसरातील सुगंधी हॉप्स यांचा तो मेळ होता. जगातील बहुतेक सोनेरी बीअर तिच्याच लेकी-नाती होत. मूळ बीअर ‘पिल्स्नर उर्केल’ या नावाने आजही तेथेच तयार होते.

ती प्यावी कुठे, याचे एक उत्तर प्रागमधील हुसोवा रस्त्यावर ‘उ झ्लाटेहो टिग्रा’ म्हणजे ‘सोनेरी वाघाच्या घरी’ मिळते. लांब लाकडी बाके आणि अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसणे, हा येथला रिवाज. चेक लेखक बोहुमिल हराबल यांची येथे नेहमीची बैठक असे. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांना घेऊन हराबलांची गाठ घातली तीही याच गुत्त्यात. दोन राष्ट्रप्रमुख आणि एक साहित्यिक एकाच टेबलाशी, हे चित्र चेक समाजात बीअरचे स्थान काय आहे ते सांगून जाते.

तेथून पश्चिमेला, जर्मनीच्या फ्रँकोनिया प्रांतातील बामबर्ग येथे ‘श्लेंकर्ला’ हे जुने मद्यालय आहे. १४०५ पासून त्याचे उल्लेख सापडतात. येथली ‘राउखबीअर’ ही धुराची बीअर. बार्लीला मोड आणून ती वाळवली की तिचे माल्ट होते. पूर्वी हे वाळवणे लाकडाच्या आगीवर होई, त्यामुळे युरोपातील बऱ्याच बीअरना धुराचा वास असे. धूरविरहित भट्ट्या आल्या आणि हा वास दोष ठरून नाहीसा झाला. बामबर्गने मात्र बीच वृक्षाच्या लाकडावर माल्ट धुरावणे सोडले नाही. पहिला घोट घेणारा दचकतो, कारण चव धुरावलेल्या मांसाची असते. ज्याने चुलीवरची भाकरी किंवा निखाऱ्याचा धुंगार दिलेले भरीत खाल्ले आहे, त्याला मात्र ही चव परकी वाटू नये. तिसऱ्या पेल्याला ही बीअर आवडू लागते, असे तेथील लोक सांगतात.

आंबण्यातली गोडी

जॅक्सन यांचा जीव सर्वाधिक जडला तो बेल्जियमवर. या छोट्या देशातील बीअरवर त्यांनी १९९१ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि १९९४ मध्ये बेल्जियमचे तत्कालीन युवराज फिलिप यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला.

ब्रसेल्सच्या आंदेरलेख्त भागात १९०० पासून चालत आलेली ‘कँतियों’ ही ब्रूअरी बाहेरून एखाद्या गोदामासारखी दिसते. येथे बनणाऱ्या ‘लांबिक’ बीअरमध्ये यीस्ट घातलेच जात नाही. मोडाची बार्ली आणि कच्चा गहू यांचा उकळलेला काढा रात्री छपराखालच्या उथळ तांब्याच्या हौदात ओततात आणि खिडक्यांच्या झडपा उघड्या ठेवतात. सेन नदीच्या खोऱ्यातील हवेतले आणि त्या जुन्या वास्तूतले सूक्ष्मजीव रातोरात त्यावर उतरतात. दुसऱ्या दिवशी तो द्रव ओकच्या पिपांत भरला जातो आणि एक, दोन, तीन वर्षे तसाच मुरत राहतो. पुढे निरनिराळ्या वयाच्या लांबिक एकत्र करून बाटलीत भरतात, ती ‘गझ’. आंबट चेरी घालून मुरवलेली ती ‘क्रीक’. हे काम ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच होते, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू माजतात. माश्यांचा बंदोबस्त होतो म्हणून पिपांवरची कोळ्यांची जाळीही झाडली जात नाहीत.

मराठीत आंबणे आणि आंबवणे असे दोन शब्द आहेत. पहिल्यात नासणे आहे, दुसऱ्यात पाककौशल्य. इडलीचे पीठ, आंबील, झाडावरून उतरवताच आपोआप फसफसू लागणारी ताडी, या सर्वांत हवेतील अदृश्य जिवांना विश्वासाने काम सोपवलेले असते. लांबिक हा त्याच कुळातील प्रकार. मात्र तीन वर्षे थांबणे व्यापाराला परवडत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजाराला गोडाची चटक लागली, साखर घातलेल्या गझचा सुळसुळाट झाला आणि खऱ्या आंबट लांबिकचे उत्पादक एकामागून एक बंद पडले. कँतियोंने १९७८ मध्ये स्वतःचे रूपांतर चालत्या-बोलत्या संग्रहालयात केले ते तग धरण्यासाठी. जॅक्सन तेथे पोहोचले, कॅमेरा घेऊन गेले आणि जे पेय स्थानिकांना जुनाट वाटू लागले होते ते जगभरच्या रसिकांना हवेहवेसे वाटू लागले. १९९७ मध्ये ‘जुनी गझ’ आणि ‘जुनी क्रीक’ या पारंपरिक नावांना युरोपीय संघाचे संरक्षण मिळाले. २०१६ मध्ये युनेस्कोने बेल्जियमची बीअर संस्कृती अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली.

रूसलारे येथील ‘रोडेनबाख’चेही तसेच. पुरुषभर उंचीहून कितीतरी मोठ्या, सुमारे तीनशे ओकच्या पिंपांत मुरलेली ही तांबूस, आंबट बीअर जॅक्सन यांनी जगातील सर्वाधिक तजेला देणारी ठरवली होती.

दूधवाल्याने वाचवलेली बीअर

जॅक्सन यांनी जगासमोर आणलेल्या माणसांपैकी सर्वात लोभस पिएर सेलिस. ब्रसेल्सजवळच्या हूगार्डन गावात गव्हाची पांढुरकी बीअर शतकानुशतके होत असे. १९५७ मध्ये तेथील अखेरची ब्रूअरी बंद झाली आणि ती चवच संपली. सेलिस दुधाचा धंदा करीत. तरुणपणी त्यांनी शेजारच्या ब्रूअरीत हाताखाली काम केले होते, त्या आठवणीच्या बळावर १९६६ मध्ये त्यांनी ती बीअर पुन्हा गाळायला घेतली. साहित्य होते कच्चा गहू, बार्लीचे माल्ट, कडवट संत्र्याची वाळलेली साल आणि धने!

बीअर चालली, वाढली. १९८५ मध्ये ब्रूअरीला आग लागली. पुन्हा उभे राहण्यासाठी मोठ्या कंपनीचे भांडवल घ्यावे लागले आणि यथावकाश मालकी तिच्याकडे गेली. सेलिस अमेरिकेत टेक्सासला गेले आणि १९९२ मध्ये त्यांनी तेथे नवा डाव मांडला. इकडे २००५ मध्ये कंपनीने हूगार्डनमधील उत्पादन दुसऱ्या गावी हलवण्याचे जाहीर केले, तेव्हा गावकरी रस्त्यावर उतरले. २००७ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. गावाचे नाव बाटलीवर आणि बीअर भलतीकडची, हे लोकांनी चालू दिले नाही.

नवे जग, नवी नावे

अमेरिकेत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शंभराहूनही कमी ब्रूअरी उरल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र फ्रिट्झ मेटॅग या तरुणाने १९६५ मध्ये ‘अँकर’ ही डबघाईला आलेली ब्रूअरी विकत घेतली होती. १९७५ मध्ये त्याने काढलेल्या ‘लिबर्टी एल’मध्ये कॅस्केड या अमेरिकी हॉप्सचा संत्र्या-मोसंब्यासारखा गंध उठून दिसे. पुढे जगभर पसरलेल्या कडवट, सुवासिक अमेरिकी एलची ही पूर्वज. १९७८ मध्ये घरगुती बीअर गाळण्यावरील बंदी उठली. जॅक्सन यांची पुस्तके हाती घेऊन गॅरेजमध्ये प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींनी पुढे छोट्या ब्रूअरी काढल्या. त्यांची संख्या आता नऊ हजारांच्या वर गेली आहे. दैवाचा खेळ असा की वाट दाखवणाऱ्या अँकरलाच जुलै २०२३ मध्ये टाळे लागले. चाहते असले म्हणजे ब्रूअरी तगतेच असे नाही.

देवळालीचा ताप

जॅक्सन यांच्या नकाशावर आपल्या उपखंडाचा ठिपका होता तो श्रीलंकेत. नुवारा एलिया या थंड डोंगरी गावात ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेल्या ब्रूअरीच्या ‘लायन स्टाउट’चे त्यांनी मनापासून कौतुक केले. करपवलेल्या धान्याची, कॉफी-चॉकलेटच्या चवीची ही काळीभोर, आठ टक्क्यांहून अधिक मद्यार्काची बीअर.

महाराष्ट्रात छोट्या ब्रूअरीचे युग अवतरले ते २००९ मध्ये, पुण्यात. राज्यातील या पहिल्या मायक्रोब्रूअरीचे नाव ‘डूलॅली’. इंग्रजीत याचा अर्थ डोके फिरलेला, आणि हा शब्द आला आहे नाशिकजवळच्या देवळालीवरून! नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन् महिने वाट पाहत. उकाडा, हिवताप आणि रिकामपण यांनी त्यांचे भान सुटे. त्या अवस्थेला त्यांनी ‘डूलॅली टॅप’ म्हटले. यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. एका मराठी गावाचे नाव विलायतेला जाऊन, वेडाचा अर्थ घेऊन, बीअरच्या पेल्यातून परतले.

भारतीय मायक्रोब्रूअरींत हमखास आढळते ती गव्हाची ‘बेल्जियन विट’. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘बिरा ९१’ची पांढरी बीअरही याच शैलीची आणि आरंभी ती बेल्जियममध्येच बनवून आणली जाई. धने आणि संत्र्याची साल भारतीय जिभेला ओळखीची, त्यामुळे कडवट एलपेक्षा ती लवकर रुळली. ती मागवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की ही चव नऊ वर्षे जगातून गेली होती आणि एका दूधवाल्याच्या स्मरणशक्तीमुळे परत आली.

या शौकाला तारतम्य हवे, हे वेगळे सांगायला नको. मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येणार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘कडक’ बाटली बर्फासारखी गार करून घाईने रिचवणाऱ्याला चवीशी कर्तव्य नसते. छोटा पेला, आधी गंध, मग घोट, आणि आपण काय पीत आहोत याची विचारपूस, ही रसिकाची रीत. तीत पोटात कमी जाते आणि लक्षात जास्त राहते.

अखेरचा स्तंभ

आयुष्याच्या उत्तरार्धात जॅक्सन यांना कंपवाताने गाठले. चालताना तोल जाई, बोलणे अडखळे. आयुष्यभर बीअरवर लिहिलेल्या माणसाचे हे रूप पाहून लोकांनी जो समज करून घ्यायचा तो घेतला. अखेर २००६ मध्ये त्यांनी आपला आजार जाहीर केला. त्या अनुभवावर पुस्तक लिहिण्याचा त्यांचा मानस होता. त्याचे नाव ठरले होते, ‘मी प्यायलेलो नाही’.

ते पुस्तक झाले नाही. ३० ऑगस्ट २००७ रोजी लंडनच्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय होते ६५.

ब्रसेल्सच्या मध्यभागी ‘आ ला मोर स्युबित’ नावाचे कॅफे १९२८ पासून त्याच जागी उभे आहे. उंच आरसे, पिवळट भिंती, लाकडी टेबलांच्या लांब रांगा आणि पेल्यात आंबट गझ. ‘मोर स्युबित’ म्हणजे आकस्मिक मृत्यू. मालकाच्या आधीच्या कॅफेत बँकेतील कारकून दुपारच्या सुटीत फासे खेळत. कामावर परतायची वेळ झाली की एका फेकीत डाव निकाली काढत. त्या शेवटच्या फेकीचे हे नाव, ते कॅफेला चिकटले आणि बीअरलाही. आपल्या आजारपणावर लिहिलेल्या अखेरच्या स्तंभाला जॅक्सन यांनी शीर्षक दिले होते, ‘मी मोर स्युबितला चकवले का?’ तो स्तंभ वाचकांच्या हाती पडला आणि त्याच सुमारास ते गेले.

स्वतःला त्यांना चकवता आले नाही. पण हूगार्डनच्या धन्यांचा, बामबर्गच्या धुराचा आणि कँतियोंच्या आंबटपणाचा डाव आजही सुरू आहे.